अर्धा क्षण उशिरा

"रडणाऱ्या पोरांचं कुणीतरी बघतंच. जिचा तुला काहीच त्रास नाही ना, तिच्याकडे आधी बघ."

हे मला इस्त्रीवाल्या आजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बालगृहाच्या तळघरात, चादरींच्या ढिगामागून. मी मान डोलावली, हसले आणि जिना चढून वर आले. त्या देशाची भाषा मला तेव्हा निम्मीच कळायची आणि उरलेल्या निम्म्या भाषेच्या वेळी मी हसून वेळ मारून न्यायचे. पण हे वाक्य मला पूर्ण कळलं होतं. तरी मनावर घेतलं नाही. वर बावीस मुलं होती, त्यातली सहा तरी एका वेळी भोकाड पसरलेली असायची, आणि जी रडत नव्हती त्यांचे मी मनातल्या मनात आभारच मानत होते.

नवऱ्याची दोन वर्षांची नेमणूक म्हणून आम्ही तिथे गेलो होतो. ढमी तेव्हा दीड वर्षाची. ढमी म्हणजे माझी मुलगी. तिला चांगलं नाव आहे, पण गालांकडे बघितल्यावर ते कुणाच्या तोंडात येत नाही. नवरा सकाळी आठला बाहेर पडायचा आणि मी दिवसभर ढमीवर पहारा करायचे. शिंकली तर वेळ लिहून ठेवायचे. झोपली तर छाती वरखाली होतेय ना ते बघायला दर दहा मिनिटांनी उठायचे. एकदा तिच्या मानेवर लाल चट्टे दिसले म्हणून मी नवऱ्याला ऑफिसातून बोलावून घेतलं. त्याने ओला रुमाल फिरवला आणि चट्टे पुसले गेले. माझी लिपस्टिक होती. त्या दिवशी तो सोफ्यावर बसून बराच वेळ हसला आणि मग म्हणाला, की तुझी काळजी एका पोरीला फार होते, जरा वाटून टाक.

शेजारच्या बाईंनी बालगृहाचा पत्ता दिला. मदतीला माणसं हवीच असतात, आपलं मूल सोबत आणलं तरी चालतं, असं कळलं. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "एक सांभाळताना नाकी नऊ येतात आणि चालली बावीस जणांची आई व्हायला. जा, पण घरी आलीस की आधी हातपाय धू."

बालगृह म्हणजे एक जुनी शाळा होती. तळघरात धुणं आणि इस्त्री, वर लहान मुलांचा मोठा हॉल, त्याच्या वर मोठ्या मुलांच्या खोल्या. हॉलची जमीन लाकडी फळ्यांची, खालून पोकळ. एका टोकाला कुणी धावलं की दुसऱ्या टोकाच्या टेबलावरचे कप किणकिणायचे. आठवड्यातून तीन सकाळी माझं काम तिथे: एक गोष्ट वाचून दाखवायची आणि रांगा लावायच्या. हात धुवायची रांग, अंगणात जायची रांग, जेवायची रांग. शेवटी एका जाड वहीत प्रत्येक मुलापुढे एक ओळ लिहायची. वही अधीक्षकबाई तपासायच्या. या उंच, सडसडीत, सतत किल्ल्या शोधणाऱ्या बाई. बावीस मुलं वर आणि अठरा त्याच्याही वर, आणि हाताखाली तीन माणसं. त्या रागवायच्या नाहीत, फक्त एखादं वाक्य बाजूला ठेवल्यासारखं बोलायच्या आणि ते दिवसभर टोचायचं.

पहिल्याच महिन्यात मी त्यांच्याकडे धावत गेले होते, एका मुलाला कावीळ झाली म्हणून. चेहरा, हात, सगळं पिवळंधमक. अधीक्षकबाईंनी त्याच्या खिशात हात घातला आणि पिवळ्या खडूचा तुकडा बाहेर काढला. तेव्हापासून मी काही सांगायला तोंड उघडलं, की त्या चष्म्यावरून बघून विचारायच्या, "पुन्हा कावीळ का?"

आणि ती एक होती, जिचा मला काही त्रास नव्हता. साडेचार वर्षांची, बारीक, भुवया अगदी कोरल्यासारख्या. मी मनात तिला मुंगी म्हणायचे, कारण रांगेत ती कायम पुढच्याच्या पाठीला चिकटून चालायची आणि त्याने केलं ते सगळं करायची. तो थांबला की थांबायची, त्याने बाह्या वर केल्या की हिच्याही वर. कधी ढकलाढकली नाही, कधी रडणं नाही. बोलणंही नाही. दोन वर्षांपूर्वी मोठ्या बहिणीसोबत आली तेव्हापासून बोलतच नाही, धक्का बसला असेल, असं सगळे म्हणायचे. ही बहीण नऊ वर्षांची. आधी तिची शाळा दुपारची होती, तेव्हा सकाळभर ती मुंगीच्या शेजारी असायची. नव्या वर्गात गेल्यावर शाळा सकाळची झाली आणि दोघी फक्त दुपारी जिन्यात भेटायला लागल्या. मी आले ती यानंतर.

गोष्टीच्या वेळी मात्र मुंगी खिडकीबाहेर बघत बसायची. बाकीची मुलं माझ्या वाचनावर खूश होती, कारण मी दर ओळीला चुकायचे आणि एकवीस मास्तर एकदम मला सुधारायचे. चुका जरा कमी व्हाव्यात म्हणून मी पुस्तक तोंडासमोर अगदी जवळ धरायचे. आणि वहीत मुंगीपुढे लिहायचे: गोष्टीकडे लक्ष नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच. लिहायला काही नवं नसलं की माणूस मागची ओळ उतरवतो.

एका सोमवारी अधीक्षकबाईंनी आम्हा मदतनिसांना चहाला बसवलं आणि सांगितलं, की मुंगीला दुसऱ्या संस्थेत हलवायचं ठरतंय. मंदबुद्धी मुलांची संस्था, रेल्वेने पाच तास. येत्या गुरुवारी डॉक्टर येऊन कागदावर सही करतील. कुणीतरी विचारलं, कान तपासलेत का. तपासलेत, त्या म्हणाल्या. गेल्या वर्षी डॉक्टरांनी मागे उभं राहून ठोकळा खाली टाकला, ती लगेच वळली. ऐकू येतं, पण कळत नाही. मग त्यांनी वही उघडली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या नोंदींचा फार उपयोग झाला. अकरा वेळा लिहिलंय तुम्ही."

मी विचारलं, बहिणीचं काय. ती इथेच राहील, त्या म्हणाल्या. तिची शाळा इथे आहे. हे बोलताना त्या किल्ल्या शोधत होत्या आणि किल्ल्या त्यांच्या हातातच होत्या.

वातावरण हलकं करायला एका मदतनीस आजोबांनी एक विनोद सांगितला. सगळे हसले, मीही हसले. शेजारची मुलगी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "तुला कळला नाही ना? तू नेहमी आमच्यानंतर हसतेस."

पकडली गेले म्हणून माझे कान तापले. खरंच होतं. मी तोंडांकडे बघायचे, दात दिसले की हसायचे. बसमध्ये सगळे उठले की उठायचे, दुकानात पुढच्या बाईने पिशवी उघडली की माझी उघडायचे. भाषा येत नसलेला माणूस असाच जगतो, दुसऱ्याची नक्कल करत, अर्धा क्षण उशिरा.

अर्धा क्षण उशिरा. कप तसाच ठेवून मी हॉलच्या दारात गेले. आतल्या बाईंनी "हात धुवा" म्हटलं आणि एकवीस मुलं उठली. मग मुंगी उठली. त्यांनी बाह्या सारल्या, मग तिने. ती चुकत नव्हती, कारण ती बघत होती. नळाखाली हात धरताना तिने मान वळवून तीन मुलांच्या हातांकडे पाहिलं, साबण कितीदा फिरवतात ते. असं बघणारी दुसरी व्यक्ती मला माहीत होती. मी रोज आरशात बघायचे तिला.

अंगणात झोपाळा होता. मी मुंगीला त्यावर बसवलं, पाय अधांतरी, आणि मागून तिचं खरं नाव घेऊन हाक मारली. काही नाही. मोठ्याने मारली. कुंपणापलीकडून जाणारा पोस्टमन वळला, मुंगी वळली नाही. मग तिला हॉलमध्ये नेलं, माझ्याकडे पाठ करून उभी केली आणि चार हातांवरून पाय आपटला. ती झर्रकन वळली. माझ्या पायाखालची फळी अजून थरथरत होती आणि दुसऱ्या टोकाला कप वाजत होते.

मी धावतच अधीक्षकबाईंकडे गेले. भाषेची पार दाणादाण उडाली: पाय, लाकूड, झोपाळा, पोस्टमन. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"पुन्हा कावीळ का?"

"नाही. या वेळी नाही."

"डॉक्टरांचा रिपोर्ट आहे माझ्याकडे. तुमच्याकडे काय आहे?"

माझ्याकडे काय होतं? अकरा ओळी होत्या, त्याही माझ्याच हातच्या, आणि त्या तिच्या विरुद्ध होत्या. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. वाटलं, लिपस्टिकची आठवण काढेल. त्याने नाही काढली. तो म्हणाला, की गेल्या दीड वर्षात तुला शंभर वेळा काहीतरी दिसलंय आणि नव्याण्णव वेळा ते नव्हतं, पण बघायचं तूच थांबवलं नाहीस. आता हे डॉक्टरांनाही दिसेल असं काहीतरी कर.

बुधवारी दुपारी मी जिन्यात बसून राहिले. शाळेतून बहीण आली, मुंगी तिला बिलगली. बहिणीने तिच्या मनगटावर बोटांनी टकटक केलं, कानाची पाळी ओढली, हवेत एक गोल काढला. मुंगीने हसून तिच्या दप्तरातून डबा काढला. मी फक्त म्हटलं, "तिला ऐकू येत नाही, हे तुला माहितेय."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती एकदम बोलायला लागली, इतकं भरभर की मला तिला दोनदा थांबवावं लागलं. पूर्वी ज्या घरात ठेवलं होतं तिथल्या बाईने बजावलं होतं, की बहिऱ्या मुलांना वेगळीकडे नेतात, तोंड उघडलंस तर बहीण गेली समज. म्हणून तिने दोन वर्षं झाकलं होतं. रांगेत चिमटा काढून, बाही ओढून, जेवताना पायाने पाय दाबून. सकाळची शाळा लागली आणि चिमटे काढायला कुणी उरलं नाही.

"मी सांगितलं तर नेतील तिला," ती म्हणाली.

मी तिला गुरुवारचं सांगितलं. न सांगितल्यामुळेच नेतायत, हेही सांगितलं. ती रडली नाही. मुंगीकडे बघत म्हणाली, "मग उद्या मी शाळेत जाणार नाही."

तळघरात जाऊन मी आजींनाही सगळं सांगितलं. आजींनी इस्त्री उभी करून ठेवली. मला वाटलं, आता "मी म्हटलं नव्हतं का" येणार. आजींनी एवढंच विचारलं, "डॉक्टर किती वाजता येतात? चादरी बदलायचा वार मी पुढेमागे करू शकते."

गुरुवारी दहाला डॉक्टर आले. मोठा, मऊ आवाजाचा माणूस, मुलांच्या बुटक्या खुर्चीत कसाबसा मावलेला. मुंगी त्यांच्याकडे पाठ करून उभी. त्यांनी नाव घेतलं, काही नाही. ठोकळा टाकला, ती वळली. "ऐकू येतं, हाकेला प्रतिसाद नाही," असं बोलत ते लिहायला लागले.

माझ्या कडेवर ढमी होती आणि आदल्या दिवशी पाठ केलेली चार वाक्यं डोक्यातून साफ उडून गेली होती. मी म्हटलं, "थांबा." बस, तेवढाच शब्द आला. अधीक्षकबाईंनी तोंड उघडलं, त्यातून कावीळच बाहेर पडणार होती. तेवढ्यात दार ढकलून आजी आत आल्या, चाकांच्या मोठ्या टोपलीत रजयांचा डोंगर घेऊन. बरोब्बर वेळेवर.

"बसव तिला यावर," आजी म्हणाल्या.

मी ढमीला खाली ठेवलं आणि मुंगीला उचलून डोंगरावर बसवलं. पाय रजयांत रुतलेले, पाठ सगळ्यांकडे, मांडीवर आजींच्या शिवणाच्या डब्यातला दोरा आणि बटणं. स्वयंपाकघरातून आणलेली दोन पातेल्यांची झाकणं आजींनी टोपलीच्या कडेतून काढून माझ्या हातात दिली. मी मुंगीच्या मागे उभी राहिले आणि ती एकमेकांवर हाणली.

डॉक्टरांच्या हातून पेन पडलं. अधीक्षकबाईंनी कानांवर हात ठेवले. ढमीने गळा काढला आणि एकवीस मुलं एका सुरात ओरडली, बहुतेक आनंदाने. मुंगीने दोऱ्यात एक निळं बटण ओवलं.

मी पुन्हा हाणली. तिने लाल बटण घेतलं, उजेडात धरून भोक शोधलं.

अधीक्षकबाई पुढे आल्या, माझ्या हातातली झाकणं घेतली आणि स्वतः वाजवली, माझ्यापेक्षा दुप्पट जोराने. अशी, की वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारायला खाली आलं. मुंगी बटणं ओवत राहिली. अधीक्षकबाईंनी झाकणं हळूच, आवाज न करता टोपलीत ठेवली.

"दोन वर्षं माझ्यासमोर आहे ही," त्या म्हणाल्या. कुणालाच उद्देशून नाही.

डॉक्टर खुर्चीतून उठले होते. ऐकू येत नसेल, पण कळतं किती, ते कोण सांगणार, असं ते बोलले आणि जिन्याच्या दारातून बहीण पुढे आली. शाळेचा गणवेश घालून, दप्तर पाठीला, म्हणजे पळून जायची वेळ आली तर तयारी असावी. "मी विचारते तिला. तुम्ही काय विचारायचं ते सांगा."

डॉक्टरांनी सोपं सांगितलं: एक बटण मला दे. बहिणीने बोटं फिरवली, मुंगी डोंगरावरून घसरून खाली आली आणि बटण देऊन गेली. मग डॉक्टरांना चेव आला. तीन निळी आजींना, एक लाल अधीक्षकबाईंना, आणि पांढरं कुणालाच नाही. बहिणीचे हात भराभर चालले. मुंगीने भुवया आक्रसल्या, तीन निळी मोजून आजींच्या हातात ठेवली, लाल बाईंच्या, आणि पांढरं स्वतःच्या मुठीत घट्ट धरून मूठ पाठीमागे नेली. मग ती डॉक्टरांसमोर थांबली, त्यांच्या पायांकडे बघितलं आणि बोट नाचवलं. ते मुलांच्या चटईवर बूट घालून उभे होते.

सगळे हसले. मुंगीने आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि तीही हसली, अर्धा क्षण उशिरा. त्या वेळी तिला विनोद आमच्याआधी माहीत होता.

डॉक्टरांनी आधी बूट काढले, मग कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली आणि दुसरा कागद मागितला. कानांच्या दवाखान्यातल्या तपासणीत निघालं, की एका कानात काही नाही आणि दुसऱ्यात थोडं शिल्लक आहे. मशीन मिळालं. चार रस्ते पलीकडे ऐकू न येणाऱ्या मुलांची दिवसाची शाळा होती, साडेआठला बस, दोनला परत. बहिणीच्याही आधी घरी. जिन्यात आता मुंगी तिची वाट बघत बसायची.

अधीक्षकबाईंनी माझी माफी मागितली नाही आणि मीही त्यांना झाकणांची आठवण करून दिली नाही. त्यांनी वही पुढे केली, एवढंच म्हणाल्या, की ही पानं उद्या कुणीतरी वाचेल, तुम्हीच दुरुस्त करा. मी लिहिलं: आधीच्या अकरा नोंदी चुकीच्या आहेत. पुस्तक माझ्या तोंडासमोर होतं. त्याखाली त्यांनी सही केली, तारीख घातली, आणि वही मिटताना विचारलं, वरच्या अठरा मुलांनाही एकदा रजयांवर बसवून बघायचं का. आम्ही बसवलं. सगळी दचकली, दोघं पडली, कुणाला काही निघालं नाही. मी इतकी खूश होऊन कधीच चुकले नव्हते.

बहिणींची बोटांची भाषा आणि शाळेतली भाषा मिळून वर्षभरात सगळा हॉल हातांनी बोलायला लागला. अधीक्षकबाईंची तक्रार अशी, की विश्रांतीच्या तासाला पूर्ण शांतता असते आणि तरी ही पोरं तासभर गप्पा मारतात. गोष्ट मी आता दुपारी, मुंगी शाळेतून आल्यावर, पुस्तक मांडीवर ठेवून सांगायला लागले. मास्तरांची संख्या बावीस झाली. बाविसावी सगळ्यात कडक: माझं बोट चुकलं की ती ते धरून जागेवर आणून ठेवायची.

आमची दोन वर्षं संपली त्या दिवशी अंगणात जायची रांग मी शेवटची लावली. म्हणजे लावणार होते. मुंगी सगळ्यांत पुढे जाऊन उभी राहिली, मान वर, कानामागे मशीन, आणि तिने हात उंच केला. बाकीचे गप्पांत होते. त्यांनी एकमेकांना कोपरं मारली, तिच्याकडे बघितलं आणि अर्धा क्षण उशिरा सगळे हात वर गेले. ढमीचाही. तळघराच्या खिडकीत आजी इस्त्री थांबवून उभ्या होत्या. मुंगीने वळून माझ्याकडे बघितलं, पांढरं बटण माझ्या तळहातावर ठेवलं आणि रांग घेऊन निघाली.

ते बटण आता ढमीच्या स्वेटरला आहे, सगळ्यात वरचं. सासूबाई अजून विचारतात, की एकच वेगळं का लावलंस.

तुम्ही हे वाचताय तर एक करा. तुमच्या घरात, जिन्यात, वर्गात, शेजारी एखादं मूल असेल. कधी हट्ट नाही, कधी कटकट नाही, सगळ्यांबरोबर उठतं, सगळ्यांबरोबर हसतं, फक्त जरासं मागून. त्याचं सगळे कौतुक करत असतील. पुस्तक बाजूला ठेवा आणि त्याला एकदा बघून या. मागून हाक मारा. फक्त त्या वेळी त्याचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत ना, तेवढं बघा.